नीरेकाठचे चार दिवस आणि चिल्लर मासे

पहिला दिवस, गुरुवार : पुणे ते भोर

दाजींनी माझी काठी हातात घेतली, टोक हलवून पाहिलं आणि विचारलं, "ह्यानं दात कोरायचे का मासं धरायचं?"

दाजी सांगलीचे. कृष्णेच्या काठावर त्यांचं लहानपण गेलं, आणि मासेमारी म्हणजे काय याबद्दल त्यांच्या मनात कसलाच गोंधळ नाही. दहा फुटी जाड काठी, तिला तोडू म्हटलं तरी न तुटणारा तंगूस, शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून केलेला लिंबाएवढा गोळा. काठी काठावर रोवायची, टोकाला घुंगरू बांधायचं आणि पानाचा डबा उघडायचा. घुंगरू वाजलं की कटला मासा. नाही वाजलं तर गप्पा. तीस वर्षांत त्यांनी या पद्धतीत एकच सुधारणा केली आहे, ती म्हणजे बसायला घडीची खुर्ची.

माझी काठी साडेपाच फुटांची आणि वजनाला शंभर ग्रॅमच्या आत. त्यावर मूठभर आकाराचं रील. रीलवर विणलेला दोरा, जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे शिवणाच्या दोऱ्याहूनही बारीक. त्याच्या पुढे हातभर पारदर्शक लीडर, चार पौंडांचा, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास ताण आला की तुटणारा. आणि शेवटी आमिष म्हणून दीड-दोन ग्रॅमचा स्पिनर. स्पिनर म्हणजे तारेवर फिरणारं पितळी पातं आणि त्यामागे एकेरी गळ. गळाचा उलटा काटा मी पकडीनं दाबून टाकलेला असतो, म्हणजे मासा सोडवताना त्याचं तोंड फाटत नाही. माझं बोटही फाटत नाही, हा दुसरा फायदा त्याच दिवशी दुपारी कळला.

या प्रकाराला अल्ट्रालाइट म्हणतात. मराठीत शब्द नाही, आणि दाजींनी सुचवलेला 'काडीमारी' मी मान्य करणार नाही.

बहिणीनं आम्हाला एकत्र पाठवलं त्याचं खरं कारण दाजींचा रक्तदाब. निवृत्तीनंतर माणूस घरात बसून चिडचिड करतो, तर चार दिवस कुठंतरी घेऊन जा, असा आदेश होता. मी मार्ग ठरवला : भोरपासून नीरा नदी धरून उलट वर जायचं, नीरा-देवघर धरणाचं पाणी, त्याच्या वरचे डोह, मग वरंधा घाट उतरून महाडच्या बाजूला. ज्या तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे तिथं आधी विचारून घ्यायचं, हे दाजींनाही मान्य होतं. किंबहुना त्यांनाच जास्त. "दुसऱ्याच्या रानातली कणसं आणि दुसऱ्याच्या तळ्यातलं मासं, विचारल्याबिगर नाही."

सकाळी सहाला निघालो, नसरापूरला मिसळ खाल्ली, कापूरहोळला हायवे सोडला. नोव्हेंबरचा शेवट, भात कापून खाचरं मोकळी झालेली, कुठंकुठं पेंढ्या अजून उभ्या. भोर गावाजवळची नदी काही डोळ्यांना सुख देण्यासारखी नाही. प्रत्येक गाव आपल्या नदीला जे देतं तेच भोरही देतं. म्हणून चार-पाच किलोमीटर वर सरकलो आणि एका जुन्या बंधाऱ्याच्या मागं थांबलो.

दाजींनी गोळे मळले. मी काठानं चालायला लागलो. दोन्ही पद्धतींतला पहिला फरक हाच : त्यांची बसायची, माझी चालायची. दोन ग्रॅमच्या आमिषाची झेप फार तर वीस-पंचवीस मीटर, तेही वारा पडलेला असला तर. म्हणून मासा येईल अशी वाट न बघता त्याच्या दारात जावं लागतं, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. शाळेत असताना जांभळाच्या झाडाखाली जसं माळ्याला चुकवून जायचो तसं.

उथळ पाण्यात तळाशी ताटाएवढे गोल खड्डे दिसले. चिलापी. नर शेपटीनं आणि तोंडानं असा खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि मग ती तोंडात घेऊन हिंडते. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला, त्यानंतर त्याला कुणी थांबवू शकलेलं नाही. नोव्हेंबरच्या थंडीत हे खड्डे जुनेच असतील असं वाटलं होतं, पण एका खड्ड्यावर यजमान हजर होते. स्पिनर त्याच्या पलीकडे टाकून हळूच खड्ड्यावरून ओढला. पहिल्यांदा त्यानं नुसता पाठलाग केला. दुसऱ्यांदा धडक दिली. भूक म्हणून नाही, राग म्हणून.

चिलापी वीतभर होती. दाजींच्या काठीवर ती लागली असती तर त्यांना कळलंही नसतं, गोळा बदलायला दोरा ओढल्यावर टोकाला लोंबकळताना दिसली असती. माझी काठी मुठीपर्यंत वाकली. रीलचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताण आला की दोरा सुटू देणारी चकती, किर्रर्र करून दोरा सोडायला लागला. घरी सामान मोजायच्या काट्याला दोरा बांधून तो ड्रॅग मी साधारण साडेचारशे ग्रॅमला लावला होता, लीडरच्या ताकदीच्या चौथाईला. त्यामुळे पाव किलोची चिलापीसुद्धा मनात आणलं तर दोरा घेऊन जाऊ शकते. तिला तेवढी मुभा असते, हीच यातली गंमत.

दाजी खुर्चीतून उठून आले. मासा बघितला.

"हे? ह्याला आम्ही परत पाण्यात टाकतो."

"मीपण टाकतोय," मी म्हणालो आणि टाकली.

दाजी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "मग वाकवलीस कशाला एवढी?"

संध्याकाळपर्यंत माझ्या अकरा चिलापी झाल्या आणि एक गळ अंगठ्यात. तो काटा नसल्यामुळे सरळ निघाला. दाजींचं घुंगरू एकदा वाजलं, ते कासवानं.

दुसरा दिवस, शुक्रवार : नीरा-देवघरचं पाणी

या दिवसाबद्दल थोडक्यात सांगायचं तर वारा.

धरणाच्या फुगवट्याच्या कडेनं हिर्डोशीकडे जाणारा रस्ता सुंदर आहे, एका बाजूला निळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोंगराचे पदर. पण दहा वाजल्यापासून पाण्यावरून जो वारा सुटला त्यात दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही. समोर फेकलेला स्पिनर डावीकडे पडे. दोरा हवेत फुगा धरी, रीलवर सैल गुंडाळला जाई आणि पुढच्या फेकीला त्याचा असा गुंता बाहेर येई की सोडवायला चष्मा, सुई आणि अर्धा तास लागावा. तीन गुंते कापून फेकले. पाणी उतरायला लागल्यावर बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात, त्यांत दोन स्पिनर गेले. एकेक अडीचशे रुपयांचा. दाजींनी मनातल्या मनात बेरीज केलेली मला दिसली.

दुपारी काठावर एक म्हातारबाबा आले. हातात वेळूची काठी, जेमतेम सहा फूट, करंगळीएवढी जाड. तिला तेवढ्याच लांबीचा तंगूस, ज्वारीच्या ताटाचा तुकडा तरंगायला, त्याखाली नखाएवढा गळ आणि त्यावर गांडुळाचा चिमूटभर तुकडा. ते खडकाच्या आडोशाला, जिथं वारा लागत नव्हता तिथं बसले आणि तासाभरात त्यांनी पिशवीत पंधरा-वीस मासे टाकले. बोटभर, दीड बोट. मी माझी काठी त्यांना दाखवली. त्यांनी ती हातावर तोलून बघितली, आपली माझ्या हातात दिली. वेळूची हलकी होती.

"मामा, ह्याचं काय करता?" दाजींनी विचारलं.

"कालवण. दुसरं काय? बारीक माशाला जी चव ती मोठ्याला न्हाई. काट्यासकट खायाचं."

मग मी पिशवीत डोकावलो आणि नावं विचारत बसलो. वारा पडेपर्यंत तेच केलं, आणि खरं सांगायचं तर प्रवासातला हा सगळ्यात चांगला तास होता. चांदीच्या पात्यासारखी ती आळकूट. मिशा आणि काटे असलेली ती शिंगटी, हात सांभाळ. अंगावर उभे निळसर पट्टे असलेला तो झोऱ्या. तळाच्या दगडाला ओठानं चिकटून शेवाळ खरवडणारा तो मळ्या. "आन् ह्ये पोरास्नी खेळायला," म्हणत त्यांनी एक शेंगेएवढी, नागमोडी हलणारी मुरी तळहातावर ठेवली आणि नंतर पाण्यात सोडून दिली. नावं गावागणिक बदलतात. मामांच्या बायकोचं माहेर घाटाखाली, तिथं यांतल्या निम्म्यांना वेगळंच काहीतरी म्हणतात, असं तेच म्हणाले.

दाजींना हे सगळं 'चिल्लर' या एका शब्दात बसवायची सवय. मलाही होती. ती मोडली ती एका इंग्रजामुळे, हे सांगायला जरा लाज वाटते. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातला अधिकारी. दख्खनची पाहणी करत हिंडताना त्यानं इथले मासे गोळा केले, त्यांची चित्रं काढवून घेतली आणि १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. नव्या माशांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं बऱ्याचदा काठावरची माणसं वापरत तीच नावं उचलली आणि लॅटिनच्या चौकटीत बसवली. आपल्या शिंगाळ्याचं, म्हणजे मोठ्या मिशाळ माशाचं, शास्त्रीय नाव आजही स्पेराटा सीनघाला. मळ्या झाला गारा मुल्या. कोळूस झाला कोलस. रोहटी तर अख्खी प्रजाती होऊन बसली, रोहटी ओगिल्बी. आणि पुण्याच्या मुळा-मुठेत त्याला मिळालेल्या महाशीराचं, म्हणजे नदीतल्या मोठ्या खवल्यांच्या माशाचं, नाव टोर खुद्री, आपली खडशी. ज्या भोई-कोळ्यानं त्याला ती नावं सांगितली त्याचं स्वतःचं नाव कुठं नाही, पण त्याचा शब्द जगभरच्या संग्रहालयांत बरण्यांवर चिकटवलेला आहे. मुळा-मुठेत आता खडशी शोधायला जाऊ नये. नाक धरून पुलावरून जावं लागतं.

पुढे १९५२ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतला एक छोटा मासा वर्णिला, त्याचं नाव तर थेट खवलचोर. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो म्हणून.

"खवलचोर?" दाजी एकदम सरळ बसले. "अरे, आमच्याकडं कटल्याच्या अंगावर खवलं उडालेली दिसायची. आम्ही म्हणायचो जाळ्यानं झालं."

ते खवलचोरानंच झालं असेल असं काही मी छातीठोकपणे म्हणू शकलो नाही. पण दाजी त्यानंतर पिशवीतल्या माशांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले. त्यांनी मामांकडून झोऱ्या हातात घेतला, उन्हात धरला आणि म्हणाले, "रंग बघ की लेका."

संध्याकाळी वारा पडला, पाणी काचेसारखं झालं. अंधार पडता पडता बुडालेल्या बांधाजवळ माझ्या स्पिनरला काहीतरी लागलं आणि ते कुठलीही घाई न करता तळाशी चालायला लागलं. उड्या नाहीत, झटके नाहीत. बैल पाणी प्यायला निघतो तशी चाल. मी काठी वर धरून उभा, ड्रॅग किरकिरतोय, साठ, सत्तर मीटर दोरा गेला, रीलचा तळ दिसायला लागला. मग एकदम सैल. लीडर दाताच्या वा खडकाच्या धारेनं कापला गेला होता. मामा म्हणाले शिंगाळा. दाजी म्हणाले, "माझ्या काठीवर असता तर आत्ता तो काठावर असता." हे शंभर टक्के खरं होतं आणि मला त्यावर बोलायला काही नव्हतं.

मुक्काम एका घराच्या ओसरीवर. तांदळाची भाकरी, पिठलं आणि मामांनी पाठवलेलं वाटीभर कालवण. काट्यासकट.

तिसरा दिवस, शनिवार : शिरगावकडचे डोह

नीरेचा उगम शिरगावला, नीराबावी म्हणतात तिथं. फुगवट्याच्या वर नदी लहान होत होत ओढा होते. नोव्हेंबरात धार कमी झालेली असते, पण खडकांतले डोह भरलेले, आणि पाणी इतकं नितळ की तळावर पडलेलं आंब्याचं पान मोजून घ्यावं. सगळा दिवस आम्ही या डोहांवरून उड्या मारत वर गेलो. दाजींची मोठी काठी गाडीतच राहिली. इथं ती फिरवायलाच जागा नव्हती.

अशा पाण्यात मासा तुम्हाला आधी बघतो. पहिल्या डोहाशी मी ताठ उभा राहिलो, त्यासरशी तळावरच्या सगळ्या सावल्या खडकाखाली गेल्या. वीस मिनिटं वाट बघूनही बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या डोहाशी गुडघ्यांवर गेलो. वरून धार पडते तिथं फेसाच्या कडेला स्पिनर टाकला आणि दोनदा रील फिरवलं तेवढ्यात झोऱ्या लागला. बोटभर लांब, अंगावर पट्टे, ठिपके, पंखांना केशरी छटा. काठीचं टोक थरथरत होतं, जणू कुणीतरी आतून घड्याळ लावलंय. या धारेत तो वर तोंड करून उभा असतो आणि पाण्याबरोबर येणारा किडा झडप घालून धरतो. फिरत्या पितळी पात्याला तो तेच समजतो. अशा माशासाठी जाड दोरा वापरला तर तो दिसतो, स्पिनर नीट फिरत नाही, आणि फिरला तरी झोऱ्यानं धरल्याचं बोटांना कळत नाही. म्हणून सगळं बारीक. हौस म्हणून नव्हे, माशाचं माप म्हणून.

हे दाजींना समजावत होतो तर ते म्हणाले, "बघू इकडं."

दाजींची पहिली फेक मागच्या करंजावर. दुसरी स्वतःच्या टोपीवर. त्यांची सवय खांद्यातून भिरकावण्याची, आणि इथं नुसतं मनगट लागतं, पत्ता टाकतो तसं. सातव्या-आठव्या फेकीला 'पत्त्याचा' अर्थ त्यांना लागला. रमीत ते कुणाला ऐकत नाहीत. स्पिनर धारेच्या अगदी तोंडाशी पडला, दाजींनी रील फिरवलं, आणि झोऱ्या लागल्यावर त्यांनी कटल्याला मारतात तसा हिसका मारला. मासा पाण्यातून उडून आमच्या मागच्या खडकावर पडला.

"अहो दाजी!"

"चुकलं, चुकलं." त्यांनी ओल्या हातानं तो उचलला. माझ्याकडे बघून हात ओला करायला ते विसरले नव्हते, हे मी टिपलं. पाण्यात दोन्ही हातांत धरून ठेवला, कल्ले हलेपर्यंत. तो निघून गेल्यावर सुद्धा हात पाण्यातच.

त्यानंतर काठी मला परत मिळाली ती जेवायच्या वेळी. आणि तेवढ्यात एक कातकरी पोरगा आला, वय दहाएक, उघडा, डोहात उतरला आणि हातानं दगडाखाली चाचपून त्यानं दोन खेकडे आणि एक मळ्या काढला. ना काठी, ना दोरा. आमच्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. यालाच खरं अल्ट्रालाइट म्हणावं का, असा एक विचार मनात आला होता, पण दाजींना सांगितला असता तर त्यांनी तो महिनाभर सगळ्या नातेवाइकांना ऐकवला असता.

दुपारी तीनच्या सुमाराला मोठा डोह लागला. एका बाजूला कातळाची भिंत, तिच्यावरून उंबर वाकलेला. उंबर पाण्यावर वाकलेला असला की मी थांबतो. फळं टपटप पडतात आणि त्यांची चटक लागलेले मासे खाली असतात. तीन सेंटिमीटरचा एक तपकिरी लाकडी मासा लावला, तो उंबराखाली टाकला, आणि काहीच केलं नाही. वर्तुळं विरेपर्यंत थांबलो. मग एक झटका.

पाण्याखालून एक सोनेरी पोट उलटं झालेलं मी बघितलं. पुढचं मला क्रमानं आठवत नाही. दोरा कातळाकडे जात होता आणि कातळाला लागला की संपलं, एवढंच डोक्यात. काठी आडवी करून, पाण्याला समांतर धरून उलट्या बाजूला दाब दिला. एवढ्या पातळ काठीनं मासा ओढता येत नाही, त्याची मान फक्त थोडी वळवता येते, आणि मान वळली की अंग आपोआप वळतं. चार वेळा तो कातळाकडे गेला, चार वेळा वळवला. पाचव्यांदा तो डोहाच्या शेपटीकडे, उथळाकडे निघाला, तर मी दगडांवरून त्याच्या मागे धावलो. गुडघा फुटला ते नंतर कळलं. दाजी मागून ओरडत होते, "सैल सोडू नको! ताणू पण नको!" दोन्ही सल्ले बरोबर होते.

सात-आठ मिनिटांनी तो कडेला आला. खडशी. मापपट्टीवर ३८ सेंटिमीटर. एकेक खवला रुपयाच्या नाण्याएवढा, कडांना काळसर, पोट हळदीचं, पंखांना निळसर झाक. पाठीची तांबूस-सोनेरी चमक पाण्याबाहेर काढली की लगेच उतरायला लागते, म्हणून पाण्यातच ठेवला. दाजींच्या फोनमधला फोटो हललेला आला.

"हे तरी घ्यायचं का?" दाजींनी विचारलं, पण आवाजात जोर नव्हता.

घ्यायचं नव्हतंच. खडशीची गोष्ट गुंतागुंतीची आहे. धरणांनी तिचे अंडी घालायला वर जायचे रस्ते अडवले, सुरुंग आणि विषानं डोह मारले गेले. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ अनेक दशकं हिची पिल्लं वाढवून देशभरच्या पाण्यांत सोडली, आणि धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत २०१८ मध्ये तिचा 'धोक्यात' हा शिक्का निघाला. पण तीच पिल्लं कावेरीत सोडली गेली, तिथं ती फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महाशीर आज नामशेष व्हायच्या टोकावर आहे. म्हणजे एका नदीतली औषधाची मात्रा दुसऱ्या नदीत विष. नीरेतली ही मात्र घरची. तिच्या नावाचा माग काढत गेलं तर मुळा-मुठा लागते, आणि तीही अखेर भीमेलाच मिळते, नीरेसारखीच. ती सोडली. शेपटीचा एक फटका, आणि उंबराखालचं पाणी पुन्हा काळं.

त्यानंतर मी काठी मिटली. अजून दीड तास उजेड होता, दाजी म्हणाले टाक की अजून, पण मला नको होतं.

चौथा दिवस, रविवार : वरंधा घाट, वाळणकोंड

सकाळी वाघजाईच्या देवळाशी गरम भजी आणि दरीकडे पाय सोडून चहा. समोर शिवथरच्या बाजूचे डोंगर निळे, खाली कोकण धुक्यात. घाटात रस्त्याचं काम जिथंतिथं चाललेलं, कठड्याच्या जागी पांढरे ड्रम. माझेरी, वरंध करत उतरलो, बिरवाडीहून आत वळलो.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठी गाडीत ठेवून जायची जागा. डोह वरदायिनी देवीचा, त्यातले मासे देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. कायद्याचा बोर्ड नाही, पहारेकरी नाही. पिढ्यान्‌पिढ्या नुसतं 'धरायचं नाही' एवढंच ठरलेलं आहे, आणि डोहाच्या वर-खाली सगळीकडं जाळी लागत असताना इथं मात्र खडशी हातभर वाढलेल्या आहेत.

चुरमुरे घेतले. दाजींनी पहिली मूठ टाकली. काही सेकंद नुसते चुरमुरे तरंगत राहिले. मग खालच्या काळोखातून एकेक पाठ वर यायला लागली. कालची माझी खडशी यांच्यापुढं पोर. एकीचा खवला बघून मला बशी आठवली. त्या घाई करत नव्हत्या, तोंड उघडायच्या, पाण्याबरोबर चुरमुरे आत घ्यायच्या आणि वळायच्या. वळताना सगळा डोह वळल्यासारखा वाटायचा.

दाजी कठड्याला टेकून उभे. मला वाटलं आता ते वजनाचा अंदाज सांगणार. आयुष्यभर त्यांनी पाण्यात मासा बघितला की किलोतच बघितला आहे. दुसरी मूठ टाकली, तिसरी टाकली. बोलेनात. मीच विचारलं, "किती किलो असेल हो ती मोठी?"

"कुठली?" ते म्हणाले. त्यांचं लक्ष तिकडं नव्हतंच. मोठ्या माशांच्या तोंडून निसटलेले चुरमुरे वाहत कडेच्या उथळाला लागत होते, आणि तिथं दगडांच्या आड बोटभर काहीतरी चमकत, झडप घालत, पुन्हा आडोशाला जात होतं.

"ते बघ," दाजी म्हणाले. "पट्टं हायत का त्याला?"

मला उन्हामुळे दिसेना. ते चप्पल काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बघायला खाली उतरले.